शेगडी, भट्टी आणि बाबा

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे 'सेकंड लँग्वेज', तीही पास होण्यापुरती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. हा लेख मराठीत का लिहिला याला एक कारण आहे, ते पुढे येईलच.

तर झालं असं. सबमिशनचा आठवडा. रात्रीचे साडेअकरा. मेसमध्ये त्या दिवशी भोपळ्याची भाजी होती, म्हणजे आम्ही कोणी जेवलो नव्हतो हे वेगळं सांगायला नको. रूममेटने पलंगाखालून आमची कॉइलची शेगडी काढली आणि मॅगी चढवली. ही शेगडी आमच्याकडे एका पास-आउट ताईकडून वारसाहक्काने आलेली. कॉइल आधी दोनदा तुटलेली, दोन्ही वेळा आम्ही टोकं पिळून जोडलेली. जोडताना प्रत्येक वेळी दोन-चार इंच कॉइल वाया जाते. कॉइल आखूड झाली की रेझिस्टन्स कमी, व्होल्टेज तेच, म्हणजे करंट जास्त. बारावीला हे पाठ करून मार्क मिळवले होते. पण पोटात कावळे ओरडत असताना ओहमचा नियम कुणाला आठवतो? पाणी उकळायला लागलं आणि फट्कन आमच्या अख्ख्या विंगचे दिवे गेले.

पाच मिनिटांत टॉर्च घेऊन रेक्टर मॅडम दारात! शेगडी जप्त, दंड पाचशे रुपये, शिवाय वर टोमणा, "केमिकलची ना गं तू? मग कॉइल जोडायला इलेक्ट्रिकलच्या मुलींना तरी बोलवायचंस!"

आता योगायोग बघा. दुसऱ्याच दिवशी डिपार्टमेंटमध्ये टी.ई.च्या सेमिनारचे विषय लागले. सोपे विषय आधीच्या रोल नंबरांनी पटकावले होते. पाण्याच्या इलेक्ट्रोलिसिसवर तर तिघांच्या उड्या, कारण तयार पीपीटी मिळतात. माझ्या नावासमोर लिहिलं होतं: 'विजेने तापवलेला कॅटॅलिस्ट आणि कमी कार्बनचा हायड्रोजन'. काल रात्री जी वस्तू जप्त झाली, आज तिच्यावरच पंचवीस मार्कांचा सेमिनार!

सुरुवातीला मला तो विषय म्हणजे शेगडीत थोडा मसाला घातलेला वाटला. वाचायला लागले तेव्हा कळलं की यात आमच्या घरातली गोष्ट दडलेली आहे.

माझे बाबा समुद्राकाठच्या एका खत कारखान्यात ऑपरेटर आहेत. सव्वीस वर्षं झाली. शाळेत 'व्हॉट डझ युअर फादर डू?' असं विचारलं की मी 'ही इज इन केमिकल्स' असं म्हणायचे. वर्गात डॉक्टर, वकील, बँक मॅनेजर यांच्या मुली. ऑपरेटर म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, 'ऑपरेटर ऑफ व्हॉट?' आणि त्याचं उत्तर मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. शिफ्ट, राउंड, ट्रिप, शटडाउन हे शब्द घरात होते, पण त्यांच्यामागे काय आहे ते मी कधी विचारलं नाही. रात्री दोनला फोन वाजला की प्लँट ट्रिप झाला आणि बाबा निघाले, एवढंच कळायचं.

बाबा ज्या यंत्रावर आहेत त्याचं नाव प्रायमरी रिफॉर्मर. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन. आणि जगातला बहुतेक हायड्रोजन अजूनही नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच बनतो. मिथेन आणि वाफ निकेलच्या कॅटॅलिस्टवरून नेली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतो. मग त्या मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ घेऊन आणखी हायड्रोजन काढतात आणि डायऑक्साइड उरतो. ऐकायला सरळ आहे. पण पहिली पायरी भयंकर उष्णता खाते, एका मोल मिथेनमागे २०६ किलोज्यूल. तेवढी उष्णता सतत, आठशेच्या वर सेल्सिअस तापमानाला देत राहायची, म्हणून ती प्रचंड भट्टी. दहा-बारा मीटर उंचीच्या शेकडो ट्यूब ओळीने टांगलेल्या, त्यांच्यात कॅटॅलिस्टच्या गोळ्या भरलेल्या, आणि बाहेरून बर्नर पेटलेले.

मी ती भट्टी एकदाच पाहिलीय. चौथीत असताना, मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या घरच्यांना आत नेलं होतं. डोक्यावर हेल्मेट माझ्या नाकापर्यंत येत होतं. लोखंडी जिने चढून गेलो तर बुटाच्या तळव्यातून ऊब जाणवायला लागली. बाबांनी मला लांब उभं केलं, हातात काळी काच दिली आणि भिंतीतलं एक छोटं झाकण काठीने सरकवलं. आत सगळं नारिंगी. भिंत नारिंगी, हवा नारिंगी आणि त्यात उभ्या ट्यूबच्या ओळी, जणू देवळातल्या समया उलट्या टांगल्यात. मी म्हटलं, "बाबा, सगळ्या एकसारख्याच तर आहेत." बाबा म्हणाले, "नीट बघ. डावीकडून चौथी."

मला काहीच वेगळं दिसलं नव्हतं. आता कळतं की बाबा काय बघत होते. ट्यूबचा रंग म्हणजे तिचं तापमान. कॅटॅलिस्ट थकला किंवा त्यावर काजळी धरली, की आतली रिॲक्शन मंदावते, उष्णता खाणारं कोणी उरत नाही आणि ट्यूबवर तेवढ्या जागी उजळ पट्टा दिसतो. या ट्यूब साधारण एक लाख तास चालाव्यात असं धरून बनवतात. पण या धंद्यातला ठोकताळा असा आहे की वीस अंशांनी जास्त तापत राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं. मोजायला पायरोमीटर असतो, तरी आधी डोळा लागतो. बाबांकडे तो डोळा आहे. एकदा भट्टीतला दाब क्षणभर उलटला, झाकणातून भपका आला आणि बाबांच्या भुवया गेल्या. महिनाभर घरात आम्ही हसत होतो. आई मात्र हसत नव्हती.

या भट्टीची गंमत म्हणजे (गंमत कसली, दुःखच) एवढा जाळ करून त्यातली साधारण अर्धीच उष्णता ट्यूबच्या आत रिॲक्शनला पोचते. उरलेली धुराबरोबर निघते, तिच्यापासून वाफ वगैरे करून वसूल करावी लागते. शिवाय उष्णता बाहेरून आत जायची म्हणजे जाड भाकरीसारखं, बाहेरून करपायची वेळ आली तरी आत कच्ची. कॅटॅलिस्टच्या गोळीचंही तेच. तिचा जेमतेम बाहेरचा पापुद्रा काम करतो, दहा टक्क्यांहूनही कमी. बाकीचं निकेल आत नुसतं बसून असतं, आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकासारखं!

आता डेन्मार्कची गोष्ट. मे २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक पेपर आला. पहिलं नाव सेबॅस्टियन विसमन, सोबत डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातली आणि टॉप्सो या कॅटॅलिस्टवाल्या कंपनीतली मंडळी. त्यांनी काय केलं? भट्टीच काढून टाकली. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची अर्धा मीटर लांबीची बारीक नळी घेतली. ही धातू म्हणजे हीटरच्या तारेचीच जात, स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात निघालेली, कँथल नावाने बाजारात मिळते. तापली की तिच्यावर ॲल्युमिनाची पातळ साय धरते आणि ती साय आतल्या धातूला जळू देत नाही. नळीच्या आतल्या अंगाला निकेलचा कॅटॅलिस्ट पातळ थरात लिंपला आणि नळीच्या दोन टोकांना सरळ वीज जोडली. बस्स. नळी स्वतःच शेगडीची कॉइल, आणि कॉइलच्या अंगावरच कॅटॅलिस्ट. उष्णता जिथे हवी तिथेच तयार होते, प्रवास करायचा तो केसभर.

म्हणजे आमची जप्त झालेली शेगडी आणि हे संशोधन यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही. दोन्हीकडे वर्ग करंट गुणिले रेझिस्टन्स. आमच्या कॉइलमध्येसुद्धा निकेल होतं, नायक्रोम ना! फक्त त्यांची विंग ट्रिप झाली नाही.

पेपरमध्ये दोन मोठी विधानं आहेत. एक, असा रिॲक्टर आजच्यापेक्षा शंभरपट लहान होऊ शकेल. दोन, जगभरातले सगळे रिफॉर्मर असे केले तर जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधला जवळजवळ एक टक्का वाचेल. एका यंत्राची भट्टी विझवून एक टक्का! मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन लगेच बाबांना फोन लावला.

आणि इथे माझी फजिती झाली. मला समजावताच येईना. सगळं डोक्यात इंग्रजीत. मी डिक्शनरीतून शोधून ठेवलेलं 'उत्प्रेरक' म्हटलं, तर बाबा म्हणाले, "ते काय असतं?" मी म्हटलं कॅटॅलिस्ट. "मग कॅटॅलिस्टच म्हण की! शटडाउनला कापडी नळीतून एकेक ट्यूबमध्ये मीच भरतो तो. प्रत्येक ट्यूबचा प्रेशर ड्रॉप सारखा यायला हवा, नाहीतर एकीत गॅस जास्त, दुसरीत कमी." म्हणजे मी ज्यावर सेमिनार देणार होते, तो माल माझे बाबा स्वतःच्या हातांनी भरत आलेत आणि मला पत्ता नाही.

मग मी नेटाने साध्या मराठीत सांगितलं. बाहेरचा जाळ नाही, बर्नर नाही, चिमणी नाही, ट्यूबच विजेने तापते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ट्यूबलाच करंट? आणि आत तीस बारचा दाब?" मी सांगितलं की मोठ्या आराखड्यात विजेने तापणारा भाग एका जाड कवचाच्या आत, इन्सुलेशन लावून ठेवतात. तापमान आतला भाग सोसतो आणि दाब बाहेरचं तुलनेने गार कवच. हे त्यांना पटलं.

"मग राउंड कोण मारणार?"

"राउंड लागणारच नाही, बाबा. रंग बघायला नको. तापमान करंटवर ठरतं."

थोडा वेळ फोनवर नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, "बरं आहे की. पावसात वर चढायला नको."

मला त्या क्षणी वाटलं, आपण काय बोलून गेलो! सव्वीस वर्षं ज्या डोळ्याच्या जोरावर घर चाललं, माझी फी भरली गेली, तो डोळा नको असल्याची बातमी मी उत्साहाने देत होते. काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात बाबांनीच पुढचा प्रश्न टाकला.

"वीज कुठली?"

"म्हणजे?"

"म्हणजे एमएसईबीची का? ती कोळशावर ना? आमचा धूर बंद करायचा आणि चंद्रपूरला सोडायचा, मग केलंत काय?"

खरं सांगते, तोपर्यंतच्या माझ्या बावीस स्लाइडमध्ये हा प्रश्न नव्हता. पेपरमध्ये वीज स्वच्छ आहे असं गृहीत धरलेलं होतं आणि मीही धरलं. त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. हिशेब अगदी एस.ई.च्या पातळीचा आहे, कुणीही करून बघा.

सोळा किलो मिथेनपासून आठ किलो हायड्रोजन आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका किलो हायड्रोजनमागे ५.५ किलो. हा डायऑक्साइड रिॲक्शनचाच, विजेने तापवा नाहीतर शेणीने, तो निघणारच. आजच्या रिफॉर्मरमधून एकूण साधारण ९ ते १० किलो निघतो. म्हणजे भट्टीच्या जाळाचा वाटा चारेक किलो. विजेने वाचतो तो एवढाच.

आता वीज किती लागेल? दोन्ही रिॲक्शन मिळून निव्वळ उष्णता काढली तर एका किलो हायड्रोजनला ५.७ युनिट. पाण्याची वाफ करण्याची उष्णताही विजेचीच धरली तर ८.७ युनिट. बाहेर पडणाऱ्या गरम वायूतून वाफ केली तर आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला तर चार ते सहा किलो. वाचवले चार, घातले चार ते सहा!

बाबांनी कॅल्क्युलेटरशिवाय जे सांगितलं तेच उत्तर आलं. मला आधी राग आला, स्वतःचाच. मग तोच हिशेब मी इलेक्ट्रोलिसिसला लावून पाहिला. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासच्या वर युनिट लागतात. तीच ग्रिडची वीज वापरली तर पस्तीस किलोच्या पुढे कार्बन डायऑक्साइड. ज्या तिघांनी तो विषय घेतला होता त्यांना मी हे मेसमध्ये सांगितलं. त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

पण याची दुसरी बाजूही आहे. वीज खरोखर वाऱ्याची किंवा सूर्याची असेल तर? तेवढ्याच विजेत विजेवरचा रिफॉर्मर इलेक्ट्रोलिसिसपेक्षा सहा-सातपट हायड्रोजन देतो, कारण इथे बरंचसं काम मिथेनने आधीच केलेलं असतं. आणि तो ५.५ किलो डायऑक्साइड भट्टीच्या धुरासारखा नायट्रोजनमध्ये पातळ झालेला नसतो, तो प्रोसेस गॅसमधून वेगळा काढता येतो. युरियाच्या कारखान्यात तर तो काढतातच, कारण युरिया बनतो तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून. (अर्थात शेतात युरिया पडला की तो पुन्हा हवेत जातो. हे कळल्यावर मला घरच्या कुंड्यांना खत घालतानाही अपराधी वाटायला लागलंय.)

मला सगळ्यात आवडलेला उपयोग वेगळाच आहे. गोबरगॅसमध्ये मिथेन असतो आणि कार्बन डायऑक्साइडही. त्यांचा कार्बन मुळात पिकांनी हवेतूनच घेतलेला. डेन्मार्कमध्येच, आरहूस विद्यापीठाच्या फौलम इथल्या केंद्रात, अशाच विजेवरच्या रिफॉर्मरने बायोगॅसपासून मिथेनॉल बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला गेला. एवढी मोठी भट्टी काही गोठ्याशेजारी बांधता येत नाही. पण शंभरपट लहान यंत्र? आमच्या आजोळी गोबरगॅसची टाकी आहे. त्यावर आजी फक्त दूध तापवते.

बाबांचा आणखी एक प्रश्न होता, "वीज गेली तर?" त्यांच्या भट्टीच्या विटा उष्णता धरून असतात, आणि थंड झालेली भट्टी तासाला ठरावीक अंशांनीच चढवावी लागते, नाहीतर ट्यूबना आणि विटांना तडे जातात. रात्री दोनचे ते सगळे फोन यासाठीच असायचे. पातळ नळीचं उलट आहे. ती लवकर तापते, तशीच लवकर गार होते. ज्या दुपारी सोलरची वीज भरपूर असेल त्या दुपारी चालवायला ही गोष्ट चांगली. पण मागे अमोनियाचा प्लँट आहे, त्याला रोज संध्याकाळी झोपायची सवय नाही. मग बॅटरी हवी, नाहीतर हायड्रोजनची टाकी, आणि दोन्हींचं बिल पुन्हा त्याच हायड्रोजनवर चढतं.

सेमिनारच्या दिवशी मी शेवटून दुसरी स्लाइड बदलली. तिच्यावर फक्त एक प्रश्न होता, मराठीत: 'वीज कुठली?' एक्स्टर्नल सरांनी चष्मा वर करून विचारलं, "हा कोणत्या पेपरमधला संदर्भ?"

मी म्हटलं, "सर, माझे वडील ऑपरेटर आहेत. प्रायमरी रिफॉर्मरचे ऑपरेटर."

पंचवीसपैकी एकवीस मिळाले. चार मार्क कुठे गेले ते सरांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मागून सबमिशनची लाइन ओरडत होती.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांनी पीपीटी मागितली. मी म्हटलं, "इंग्रजीत आहे, बाबा." ते म्हणाले, "मग मराठीत लिहून दे ना. शिफ्टमधल्या लोकांना दाखवतो." म्हणून हा लेख. आधी बाबांसाठी लिहिला, मग मासिकाच्या बाईंनी मागितला. बाबांनी तो छापून नेला आणि दोन दिवसांनी परत आणून दिला. कोपऱ्यावर चहाचा डाग, आणि समासात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत प्रश्न. 'काजळी धरली तर नळी बदलायची का धुवायची?' 'ट्रान्सफॉर्मर केवढा?' आणि एकाने लिहिलंय, 'थंडीत हात कुठे शेकायचे?'

पहिल्या दोघांची उत्तरं शोधतेय. शेगडी अजून रेक्टर मॅडमच्या कपाटातच आहे.